सोपानतात्यांचा कठडा

सोपानतात्या कोणाच्याही घरी गेले की आधी कठडा हलवून बघत. यजमान दारात उभा राहून "या, या" म्हणत असायचा आणि तात्या जिन्यातच अडकलेले असायचे. दोन्ही हातांनी गज धरायचा, अंगाचा भार टाकायचा, मागेपुढे हिसडा द्यायचा, मग खाली उकिडवं बसून गज जिथे सिमेंटमध्ये शिरतो तिथे नखानं खरवडायचं. नखाला तांबडी भुकटी लागली की ती चिमटीत चोळून यजमानाला दाखवायची. "किती वर्सं झाली ह्याला?" यजमान काहीतरी सांगायचा. "न्हाई टिकायचा," असा निकाल देऊन मगच तात्या चपला काढत. तात्या स्वतः लग्नाची पत्रिका द्यायला गेलेले असले तरी यात फरक पडत नसे. लोक दुखावत. तात्यांना ते कळत नव्हतं, किंवा कळून त्यांनी सोडून दिलं होतं.

मी त्यांचा भाडेकरू. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही नवरा-बायको धनकवडीला राहायला गेलो तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला परदेशी पाठवावं तसा निरोप दिला. "तिकडे पोस्टमन येतो का हो?" असं माझ्या सख्ख्या मामांनी विचारलं होतं. तेव्हाची धनकवडी अर्धी गाव आणि अर्धी शहर अशी होती. एका बाजूला चार मजली इमारत, तिला खेटून ज्वारीचा तुकडा, त्याच्या बांधावर एखादी म्हैस. तात्यांची जमीन याच पट्ट्यात होती. ती बिल्डरला गेली आणि तिच्यातून हे घर उभं राहिलं. खाली तात्या आणि त्यांच्या पत्नी मालनकाकू राहत. वरच्या मजल्यावर अर्ध्या भागात थोरला मुलगा दत्ता, त्याची बायको सुनीता आणि त्यांची लहानगी सई, उरलेल्या अर्ध्या भागात आम्ही. त्याच्यावर गच्ची.

मला ते पहिल्या दिवसापासून 'मास्तर' म्हणत. मी सरकारी कचेरीत कारकून आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "असू द्या की मास्तर," म्हणायचे. इस्त्रीचा सदरा घालणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता.

खोल्या दाखवून झाल्यावर त्यांनी आम्हाला गच्चीवर नेलं. गच्ची ऐसपैस होती. वाऱ्याला काही अडवणूक नव्हती, कारण गच्चीला कठडाच नव्हता. चारी बाजूंच्या खांबांमधून लोखंडी गज छातीइतके वर आलेले आणि कडेपासून हातभर आत काथ्याची दोरी ताणलेली, एवढाच बंदोबस्त.

"कठडा नाही?" मी विचारलं.

"येनार की. आदी मजला चढंल, मग कठडा."

"कधी चढणार?"

"धाकटा आला की," तात्या म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

त्या बाजूला अशी घरं तेव्हा पुष्कळ होती. धाकट्याचं लग्न ठरेपर्यंत घर पुरं झालं असं कोणी मानत नसे. आजची गच्ची ही उद्या धाकट्याची फरशी, मग तिला कठडा घालायचा कशाला, असा सगळा हिशोब. खांबांचे गज तसेच उघडे राहत. तात्यांचं त्या गजांवर फार लक्ष. पाऊस सरला की गॅरेजमधून जळकं ऑइल आणून एकेका गजाला चोळून लावायचे आणि वरून गोणपाट गुंडाळायचे. थंडीत म्हाताऱ्या माणसाला शाल लपेटावी इतकं जपून चालायचं ते काम.

'किती वर्सं टिकंल?' हा प्रश्न त्यांच्या तोंडी कायम असे आणि त्याला कशाचंही वावडं नव्हतं. नवी चप्पल, नवं सरकार, शेजारच्या मुलीचं जमलेलं लग्न, सगळ्याला एकच माप. एकदा माझं आणि बायकोचं सकाळीच वाजलं. मी रागानं खाली अंगणात येऊन उभा राहिलो तर तात्या दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "मास्तर, लग्नाला बरीच वर्सं झाली का?" मी हो म्हटलं. "मग टिकतंय. जावा, च्या प्या." हे वर माझ्या बायकोलाही ऐकू गेलं आणि ती हसली, म्हणून तो दिवस निभावला.

धाकट्याचं नाव नवनाथ. त्याच्याबद्दल घरात कोणी सरळ बोलत नसे, पण एका जिन्यानं वावरणाऱ्या माणसांना सगळं कळत जातंच. त्याला जमीन विकायची नव्हती. बापाशी त्याचं भांडण झालं, पण फार नाही. कागदावर त्यानं गुमान सही केली. गोठ्यातली शेवटची गाय गिऱ्हाईक घेऊन गेलं त्या दिवशी तो तिच्या मागोमाग थोडं अंतर चालत गेला, तिथून स्वारगेटला गेला आणि परत आला नाही. दत्तानं बरीच शोधाशोध केली. पोलिसांत सांगून झालं. आम्ही राहायला गेलो तोवर या गोष्टीला काही वर्षं उलटली होती.

मालनकाकू मात्र नवनाथबद्दल बोलत, आणि तो बाजारात गेला असावा अशा बोलत. हडकुळी, नीटनेटकी बाई, आवाज कधी चढायचा नाही. रोज सकाळी गच्ची झाडायच्या. माझी बायको कपडे वाळत घालायला गेली की तिला सांगायच्या, "तिकडं नगा टाकू, तिथं नवनाथचा सैपाक हाय." त्यांनी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. इथे चूल, तिथे मोरी, देव या कोनाड्यात. आणि पूर्वेला दार. दार पूर्वेलाच, कडेवर, कारण धाकट्याला बाहेरून स्वतंत्र जिना काढायचा होता. दोन जावांचा एका जिन्यात पाय अडकला की भांडणं होतात, हे काकूंचं पक्कं मत. त्या न आलेल्या जावेसाठी हा न बांधलेला जिना. दर पाडव्याला काकू पूर्वेच्या दोन गजांमध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. दोरीखालून वाकून पलीकडे जायच्या, तोरण बांधायच्या, हळदीकुंकवाची बोटं ओढायच्या आणि तशाच वाकून परत यायच्या. तोरणाच्या पलीकडे काहीही नव्हतं. खाली रस्ता होता. आम्ही श्वास धरून बघत असू.

घरात त्या गच्चीला कोणी गच्ची म्हणतच नसे. 'नवनाथच्या घरात वाळवण टाकलंय', 'काकाच्या घरात पतंग अडकलाय', असंच सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. आम्हीही तसंच म्हणू लागलो होतो.

सई चालायला लागली तशी सुनीतानं कठड्याचा विषय काढला. ती मोकळी, स्पष्ट बोलणारी मुलगी होती. सासऱ्याशी पदर सावरूनच बोलायची, पण बोलायची. "मामंजी, पोरगी आता जिना चढती. वरचं दार किती येळा लावायचं? कुनीतरी इसरतंय."

"बसवू की," तात्या म्हणाले. "पन बसवायचा तर जल्माचा. उगी दोन पावसांत सडनारा न्हाई बसवायचा."

एवढं म्हणून ते कामाला लागले, आणि इथून त्यांची हिंडाहिंड सुरू झाली. रविवारी मला सुट्टी असे, म्हणून सोबतीला मी. बायको म्हणायची, "आज कुठला कठडा?"

दत्तानं आधी बिबवेवाडीचा एक लोहार-फॅब्रिकेटर घरीच आणला. त्यानं नमुना म्हणून लोखंडी ग्रिलचा एक तुकडा आणला होता, मध्ये पिसारा फुलवलेला मोर.

"हा मोर किती वर्सं टिकंल?" तात्यांनी विचारलं.

"रंग देत राहिलं की टिकतो, तात्या. रेड ऑक्साइडचा एक हात, वरून ऑइलपेंट. दर दोन वर्षांनी."

"रंग कोन देनार?"

"तुम्हीच की."

"आन् माझ्यामागं?"

फॅब्रिकेटरनं दत्ताकडे पाहिलं, दत्तानं जमिनीकडे. मोर परत गेला.

मग सिमेंटची जाळी. सहकारनगरमध्ये एका बंगल्याला तसा कठडा आहे असं कोणीतरी सांगितलं. तात्या सरळ त्या बंगल्याच्या पायऱ्या चढले आणि कठड्याला हिसडा दिला. ओट्यावर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली न घेता विचारलं, "आपण पाडायला आलात की विकत घ्यायला?"

"बगायला आलोय," तात्या म्हणाले.

"मग हात मागे बांधून बघा."

मी शरमेनं फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. तात्यांवर काही परिणाम नाही. त्यांनी खरोखर हात मागे बांधले, वाकून पाहिलं आणि गृहस्थांना सांगितलं की तुमच्या जाळीच्या पोटातली सळई फुगली आहे, चीर पडली आहे, आतून सिमेंट सुटणार. "ते आम्ही गेल्यावर सुटेल," गृहस्थ म्हणाले. तात्या परतताना वाटभर त्या वाक्यावर विचार करत होते. "गेल्यावर सुटंल म्हनं. मागच्यांनी काय करायचं?" हे ते मलाच विचारत होते, पण उत्तर त्यांना नको होतं.

पेठेत स्टेनलेस स्टीलच्या कठड्यांचं एक नवं दुकान झालं होतं. काचेचं दार, आत गारवा, चकचकीत नळ्या. विक्री करणारा तरुण मुलगा उत्साहानं सांगत होता. हलकं स्टील घेऊ नका, त्यावर डाग पडतात. हे भारी आहे, याला रंग नाही, गंज नाही, फक्त ओल्या फडक्यानं पुसा. शेवटी म्हणाला, "काका, लाइफटाइम आहे हे."

"कुनाचं?" तात्यांनी विचारलं.

मुलगा गोंधळला. "म्हणजे... कायमचं."

तात्यांनी नळीला हात लावला आणि लगेच काढला. "दवाखान्यातल्या खाटंगत गार लागतंय," म्हणाले आणि बाहेर पडले. बसमध्ये मी म्हटलं, "तात्या, खरं सांगा, तो कठडा चांगला होता की नाही?" "चांगलाच हुता," म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. गंजका कठडा सापडला की त्यांना हुरूप यायचा आणि चांगला सापडला की ते असे मिटून जायचे. टिकणारा कठडा बसला की वरचा मजला संपला, आणि मजला संपला की नवनाथ येणार नाही हे घरानं मान्य केलं. मला वाटलं, मला सगळं समजलं. बाप आहे, आशा सुटत नाही. मला त्यांची फार दया आली.

ते अर्धंच खरं होतं.

शेवटचा कठडा आम्ही पाहिला तो लोणी काळभोरला, तात्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी. उसाच्या कडेला घर, सगळीकडे ओल. गुडघ्याइतकी विटांची भिंत, तिच्यावर जाड नळ्यांचा कठडा, जस्ताचं पाणी दिलेला. मधले गज उभे होते. आडवे गज असले की पोरं त्यांची शिडी करतात, हे तात्यांचंच मत. गज इतके जवळ की मुलाचं डोकं जाऊ नये. आणि नळ्यांचे पाय वरून स्लॅबमध्ये न रोवता बाहेरच्या अंगानं बोल्टांनी आवळलेले, म्हणजे मुळाशी पाणी साचायलाच नको. तात्यांनी भार टाकला. हिसडा दिला. उकिडवं बसून नखानं खरवडलं. नखाला काहीच लागलं नाही. कितीतरी पावसाळे त्यानं उभ्यानं काढले होते.

बहीण मागे येऊन उभी राहिली. "दादा, आता तरी बसीव. पोरगी हाय घरात."

तात्या चहा न घेता निघाले. बहिणीला वाईट वाटलं, मलाही.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. हडपसर मागे पडल्यावर ते एकदम म्हणाले, "मास्तर, नवनाथ मला भेटलाय."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तुम्ही ऱ्हायला यायच्या आदीच. फलटनच्या पलीकडं एका बागायतदाराकडं हुता. दुसऱ्याच्या गाई धूत हुता. मी बांधावर हुबा ऱ्हायलो तर म्हनला, तात्या, पानी प्या. पानी दिलं. मी म्हनलं, चल, तुझा मजला चढवायचाय. तर म्हनला, मला मजला नको हुता. मला जमीन पायजे हुती. ती हाय का? मी काय बोलनार?"

कंडक्टर आला, तिकिटं तपासून गेला. तात्या पुन्हा बोलू लागले.

"म्हनला, आईला सांगू नगा मी भेटल्यालं. ती हितं यील, रडंल, मग मला यावं लागंल. आन् मला यायचं न्हाई. तिचीच आन घातली त्यानं मला, मास्तर. आईची. सांगितलं तर तिचं बरंवाईट हुईल म्हनला. मी आन घेऊन बसलोय. पुढच्या वर्साला परत गेलो तर तिथनंबी गेल्याला. कुनालाच ठाऊक न्हाई कुठं."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे, तो येणार नाही."

"मला ठाव हाय. तिला न्हाई." त्यांनी पायांमधल्या पिशवीकडे पाहिलं. "ती रोज झाडती वर. तिला काय सांगून कठडा घालू? अजून चांगला मिळंना, एवढंच सांगत आलोय. आज त्योबी मिळाला."

तात्यांच्या पिढीतल्या माणसाला आईची आण म्हणजे काय वाटत असेल, हे मी समजू शकत होतो. ते मोडणं त्यांच्यासाठी बायकोचा जीव स्वतःच्या हातानं डावावर लावणं होतं. "तुमाला सांगितलं, कारन तुमी आमच्यातलं न्हाई," ते म्हणाले.

लोणीच्या त्या कठड्याबद्दल तात्यांनी घरी सांगितलं नाही. सुनीतानं विचारलं तर म्हणाले, "बगू." पाडवा आला. काकूंनी सकाळीच तोरण बांधलं. उन्हं वर आली तशा त्यांनी गच्चीत हळकुंडं वाळत टाकली आणि झाकायला फडकं आणावं म्हणून त्या खाली आल्या. दार उघडं राहिलं.

माझ्या बायकोनं खिडकीतून पाहिलं ते समोरच्या दुकानदाराला. तो रस्त्याच्या मध्यावर उभा राहून वर बघत होता आणि दोन्ही हात पसरून हळूहळू पुढे येत होता. ओरडत मात्र नव्हता. बायको धावत सुटली, तिच्या मागे सुनीता, मागे मी. सई दोरीच्या पलीकडे, तोरणाखाली, अगदी कडेवर बसली होती. एका हातात भातुकलीची कपबशी, दुसरा हात गोणपाट गुंडाळलेल्या गजाला. पाय बाहेर सोडलेले.

सुनीता ओरडली नाही. दोरीखालून सरपटत गेली, तिनं मागून पोरीला कवेत घेतलं आणि तशीच मागे मागे आली. गच्चीच्या मधोमध येऊन ती पोरीला घट्ट धरून बसली. सईला काही कळत नव्हतं. "मी काकाच्या दारात बसलेले," ती म्हणाली. "काका दार उघडंना."

तात्या तोवर जिना चढून वर आले होते. त्यांनी ते ऐकलं. काकूंनीही ऐकलं. त्या फडकं हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"मामंजी," सुनीता म्हणाली. पदर खाली पडला होता, तिला त्याचं भान नव्हतं. "तुमचा एक लेक गेला. मला एकच हाय."

तात्या पूर्वेच्या कडेपर्यंत गेले. तोरण हातानं बाजूला सारून त्यांनी खाली रस्त्यावर पाहिलं. परत आल्यावर दत्ताला म्हणाले, "लोनीच्या कठडेवाल्याला बोलीव."

कठडेवाला आला, मापं घेतली आणि म्हणाला की चारी बाजूंनी भिंत फिरवायची तर हे गज मध्ये येतात, ते कापावे लागतील. वाकवले तर खांबाला तडा जाईल. दत्तानं बापाकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "काप."

त्या दिवशी मी रजा घेतली होती. का घेतली, ते सांगता येणार नाही, पण कचेरीत बसवलं नसतं. कापायचं मशीन जोडलं, तेवढ्यात काकू वर आल्या. त्यांनी वाळलेलं तोरण स्वतः सोडलं, घडी घालावी तसं हातात धरलं आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"उद्या आला, तर कुठं ऱ्हाईल?"

तात्यांचं तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य होतं, ते बोलले असते तर ते मोकळे झाले असते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बोला, तात्या, आण-बिण काही नसतं, बोला.

"खाली जागा हाय की," ते म्हणाले.

"खाली तुमची जागा हाय," काकू म्हणाल्या. त्या जिना उतरल्या. मशीन सुरू झालं. ठिणग्या उडत होत्या, कानठळ्या बसत होत्या आणि तात्या एकेका खांबापाशी उभे राहून गज पडताना बघत होते. पडलेल्या गजांवर गंजाचा एक ठिपका नव्हता.

कठडा उत्तम झाला. तात्यांनी त्याचा प्रत्येक पाय तपासला, एक बोल्ट पुन्हा आवळून घेतला. सुनीतानं त्या संध्याकाळी त्यांना स्वतः चहा नेऊन दिला आणि वाकून पाया पडली. सई दुसऱ्या दिवसापासून वर मोकळी खेळू लागली. मालनकाकू मात्र त्यानंतर कधी गच्चीवर गेल्या नाहीत, आणि नवऱ्याशी बोलणंही त्यांनी सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वेळेवर वाढलेलं असायचं. "सई, आबांना सांग, जेवाय वाढलंय." तात्या समोरच बसलेले असायचे. "सई, आजीला सांग, मीठ कमी हाय." पुढे पुढे मीठ कमी असलं तरी ते सांगेनासे झाले.

लोकांच्या घरचे कठडे हलवून बघणंही त्यांनी बंद केलं. लोकांना हायसं वाटलं. मला मात्र ते बघवत नसे. जिन्यात न थांबता सरळ आत येऊन खुर्चीत बसणारे तात्या मला परके वाटायचे.

काही वर्षांनी आम्ही कोथरूडला फ्लॅट घेतला. सामान टेंपोत चढवताना तात्या अंगणात उभे होते. मी एकटा असताना त्यांना म्हटलं, "तात्या, आता तरी काकूंना सांगून टाका. त्या तुम्हालाच दोष देतायत." ते म्हणाले, "देऊ द्या. कुनाला तरी द्यायाच पायजे. त्याला देन्यापरीस मला दिल्याला बरा." मग टेंपोवाल्याला कपाट नीट आडवं घालायला सांगायला गेले.

त्यानंतर जाणं-येणं सणावारापुरतं उरलं. एकदा दत्ताचा फोन आला की आईनं अंथरूण धरलंय. आम्ही दोघं गेलो. खालच्या खोलीत खिडकीशी काकूंची खाट होती आणि उशाशी स्टुलावर तात्या. सई कॉलेजला गेली होती. सुनीता म्हणाली, तात्या कोणाला हात लावू देत नाहीत, खाऊ घालणं, पुसणं, सगळं स्वतःच करतात. काकूंचं बोलणं आता सुटं सुटं झालं होतं, पण नवऱ्याशीही त्या पुन्हा बोलू लागल्या होत्या. अबोला धरायचा असतो, हेच बहुतेक त्या विसरल्या होत्या.

माझ्या बायकोला त्यांनी ओळखलं. तिचा हात धरून म्हणाल्या, "ह्यांनी माझ्या नवनाथचं घर कापलं, बाई. मशीन लावून कापलं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काकू, तसं नाही, तात्यांनी..."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले. "म्याच कापलं."

त्यांनी पेल्यात पाणी घेतलं, एक हात तिच्या मानेखाली घालून डोकं वर उचललं आणि पेला ओठांना लावला. दोन घोट घेऊन काकूंनी मान वळवली.

"न्हाईतर आला असता त्यो," त्या म्हणाल्या. "आला असता का न्हाई?"

"आला असता," तात्या म्हणाले, आणि खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तिची हनुवटी पुसली.